निळा पीएलईडी दोन मिनिटांत हिरवट पडतो, शिवाय १ व्होल्टलाच गळती

निळीफीत (प्रश्न)

पॉलिफ्लुओरीनचा, म्हणजे पीएफओ या निळा उजेड देणाऱ्या पॉलिमरचा, साधा एकथरी पीएलईडी (पॉलिमरचा एलईडी) करतो आहे. रचना खालून वर अशी:

आयटीओ काच (पारदर्शक, वीज वाहणाऱ्या ऑक्साइडचा थर असलेली), १५ ओहम प्रति चौरस, आयटीओची जाडी अंदाजे १२० नॅमी (नॅनोमीटर). साबणपाणी, डीआय (आयनमुक्त) पाणी, अ‍ॅसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), प्रत्येकी १५ मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये. मग यूव्ही-ओझोन १५ मिनिटं.
पेडॉट:पीएसएस (होल, म्हणजे धन भार, आत सोडणारं वाहक पॉलिमर), एआय ४०८३ प्रकार, ५००० आरपीएम, ४० नॅमी. हॉटप्लेटवर १२० अंशांना १५ मिनिटं.
पीएफओ, टोल्युइनमध्ये १२ मिग्रॅ प्रति मिलि, २००० आरपीएम, प्रोफाइलोमीटरवर ८० नॅमी. स्पिनिंग फ्यूमहूडमध्ये, त्यानंतर तिथेच १२० अंशांना २० मिनिटं.
मग ग्लोव्हबॉक्समधून (नायट्रोजन भरलेली बंद पेटी) इव्हॅपोरेटरमध्ये (निर्वातात धातूचा थर चढवणारं यंत्र): कॅल्शियम २० नॅमी, अ‍ॅल्युमिनियम १०० नॅमी.
यूव्ही इपॉक्सी आणि झाकणकाच. पिक्सेल २ मिमी × २ मिमी, एका काचेवर आठ.

अडचणी तीन.

एक, यूव्ही टॉर्चखाली फिल्म छान निळी दिसते, पण उपकरण चालवलं की उजेड सुरुवातीपासूनच पांढरट-निळा असतो आणि ७ व्होल्टवर दोन-तीन मिनिटांत हिरवट होतो. वर्णपटात ५३५ नॅमीच्या आसपास पसरट उंचवटा येतो. द्रावण पातळ करून पीएल (प्रकाशाने उत्तेजित केल्यावर मिळणारा उजेड) घेतला तर तो स्वच्छ निळा.

दोन, रंग बिघडत असताना कँडेला प्रति अँपिअर वाढते! ०.१५ वरून ०.४ पर्यंत. उपकरण खराब होतंय की सुधारतंय?

तीन, आठपैकी तीन पिक्सेल १ व्होल्टलाच ०.३ मिलिअँपिअर ओढतात. बाकीचे पाच ठीक.

दोष पॉलिमरमध्ये आहे की करण्यात? पॉलिमर विकतचं आहे. बाटलीवर रेणुभार आहे, बाकी काही नाही.

वर्णपट_७

१२० अंश, उघडी हवा, वीस मिनिटं. पहिल्या अडचणीचं निम्मंअधिक उत्तर या ओळीत आहे. पीएफओचं काचसंक्रमण तापमान ७५–८० अंशांच्या आसपास असतं. त्याच्या वर साखळ्या सैल होतात, ऑक्सिजन आत सहज फिरतो, आणि फ्लुओरीनच्या (fluorene, पॉलिमरची एक कडी; फ्लुओरीन वायू नव्हे) ९व्या कार्बनवर कार्बोनिल (ऑक्सिजनचा कीटो गट) बसून त्या कडीचं फ्लुओरेनोन होतं. ५३५ ला दिसणारा पसरट, दातेरी नसलेला उंचवटा ही त्याचीच खूण. ‘कीटो दोष’ म्हणून शोधलंत तर २००० नंतरच्या काही वर्षांचा ढीगभर मजकूर मिळेल.

आता टॉर्चखाली निळी आणि चालवल्यावर हिरवट, असं का? पातळ द्रावणात साखळ्या सुट्या असतात. एक्सायटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होलची उत्तेजित जोडी, आपल्याच साखळीवर फिरतो आणि त्या साखळीत फ्लुओरेनोन नसेल तर निळाच प्रकाश देऊन संपतो. फिल्ममध्ये तो एका साखळीवरून दुसरीवर उड्या मारतो, त्यामुळे हजारात एखादी कडी बिघडलेली असली तरी ती त्याला सापडते. उपकरणात तर त्याहून वाईट. फ्लुओरेनोन इलेक्ट्रॉनलोभी आहे, त्याची इलेक्ट्रॉनसाठी रिकामी ऊर्जापातळी पीएफओच्या बरीच खाली असते. म्हणून इलेक्ट्रॉन आधी तिथे अडकतो, होल तिथे येऊन त्याला भेटतो, आणि एक्सायटॉन जन्मतोच मुळी दोषावर. तेव्हा ईएल, म्हणजे विजेने मिळणारा उजेड, हा पीएलपेक्षा नेहमी जास्त हिरवा दिसणार. द्रावणाचा पीएल स्वच्छ आला म्हणून पॉलिमर स्वच्छ, हा निष्कर्ष काढू नका. या कामासाठी ती चाचणी जवळजवळ निरुपयोगी आहे.

पॉलिमर की प्रक्रिया, हे ठरवायला उपकरण करायची गरजच नाही. क्वार्ट्झच्या तीन तुकड्यांवर ग्लोव्हबॉक्समध्येच स्पिन करा. पहिला तसाच ठेवा. दुसरा नायट्रोजनमध्येच १२० अंशांना २० मिनिटं तापवा. तिसरा बाहेर काढून तुमच्या नेहमीच्या पद्धतीने हवेत तापवा. तिघांचा पीएल ३८० नॅमीने उत्तेजित करून घ्या आणि निळं पहिलं शिखर एकावर आणून एकमेकांवर ठेवा. पहिल्यातच ५३५ चा उंचवटा असेल तर पॉलिमर मुळात बिघडलेलं आहे. फक्त तिसऱ्यात असेल तर पॉलिमर निर्दोष, हॉटप्लेट दोषी. दुसऱ्यातही थोडासा आला तर ग्लोव्हबॉक्सचा ऑक्सिजन सेन्सर खरं बोलतोय का ते बघा. १ पीपीएमच्या खाली हवा. मोजतानाही नमुना हवेत ठेवून तासभर स्कॅन करत बसू नका, उत्तेजित करणारा प्रकाशच त्याला ऑक्सिडाइज करतो.

एफटीआयआरवर (अवरक्त वर्णपटावर) १७२० प्रति सेमीच्या जवळ कार्बोनिल शोधता येतो, पण त्याला जाड ड्रॉप-कास्ट फिल्म लागते, आणि तो दिसला नाही म्हणजे दोष नाही असं होत नाही. एक्सायटॉनचं नाक एफटीआयआरपेक्षा फार तीक्ष्ण आहे.

दुसरी अडचण ही अडचण नाहीच, मोजमापाची फसवणूक आहे. कँडेला हे माणसाच्या डोळ्याचं माप. डोळ्याची सापेक्ष संवेदना ५५५ नॅमीला १ धरली तर ४४० ला ०.०२३ आणि ५३५ ला सुमारे ०.९१. म्हणजे ४० पट फरक. ५३५ च्या फोटॉनमध्ये ४४० च्या तुलनेत ८२ टक्केच ऊर्जा असते, म्हणून फोटॉनामागे फोटॉन धरला तर ३३ पट. प्रत्यक्षात पीएफओच्या निळ्याची शेपटी ५०० पर्यंत जाते, त्यामुळे अख्ख्या वर्णपटावर बेरीज केली की गुणोत्तर बरंच खाली, दहाच्या घरात येतं. तरीही दहा टक्के फोटॉन निळ्यातून हिरव्यात सरकले, बाकी काही बदललं नाही, तर कँडेला प्रति अँपिअर दुपटीच्या आसपास जाईल. तुमचं उपकरण सुधारत नाहीये. हिरवं होत चाललंय, आणि हिरवं डोळ्याला जास्त दिसतं, इतकंच.

निळ्या उपकरणासाठी ईक्यूईच (दर इलेक्ट्रॉनामागे बाहेर पडणारे फोटॉन) बघा. ईएल वर्णपट शक्तीत हवा, नुसते काउंट नकोत, म्हणजे स्पेक्ट्रोमीटर प्रमाणित दिव्याने दुरुस्त केलेला हवा. मग वर्णपटाला तरंगलांबीने गुणून क्षेत्रफळ काढा. तोच वर्णपट डोळ्याच्या संवेदना-वक्राने गुणून दुसरं क्षेत्रफळ काढा. पहिल्याला दुसऱ्याने भागा, ल्युमिनन्सने गुणा, प्रवाहघनतेने भागा. बाकी सगळे स्थिरांक: पाय (π), इलेक्ट्रॉनचा भार, आणि छेदात ६८३, प्लांक, प्रकाशाचा वेग. लॅम्बर्शियन (सगळ्या दिशांनी सारखीच चमक) गृहीतक आहे, एकाच उपकरणाच्या तुलनेसाठी ते चालतं. मात्र वर्णपट बदलत असेल तर प्रत्येक बिंदूला त्या क्षणाचाच वर्णपट वापरायचा. सुरुवातीचा एक वर्णपट घेऊन सगळ्या बिंदूंना लावला की आकडे खोटे.

काचपट्टी

तिसऱ्या मुद्द्यावर. आधी हे ठरवा की गळती आहे की लवकर झालेलं इंजेक्शन. पेडॉटचं कार्यफल (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ५.१ ईव्हीच्या आसपास, कॅल्शियमचं २.९. अंगभूत विभव सुमारे २.२ व्होल्ट. त्याच्या खाली, १ व्होल्टला, धड डायोडमधून नाव घेण्याजोगा प्रवाह जाताच कामा नये. तुमचे ०.३ मिलिअँपिअर भागिले ०.०४ चौसेमी म्हणजे ७.५ मिलिअँपिअर प्रति चौसेमी. हे इंजेक्शन नव्हे. खात्री करायला −१ व्होल्ट द्या. तेवढाच प्रवाह उलटा आला तर डायोडला समांतर सरळसरळ एक रोध बसलाय, ३.३ किलोओहमचा.

आता हा रोध कुठून आला ते हिशेबाने काढू. ४०८३ ची रोधकता ५०० ते ५००० ओहम-सेमी असते, १००० धरू. ४० नॅमी जाडीच्या थराचा आडवा रोध चौरसाला २५ कोटी ओहम. म्हणजे पेडॉटमधून आडवी गळती होऊन पिक्सेल बिघडलाय, हे लगेच खोडता येतं. (कुणी चुकून पीएच१००० या जास्त वाहक पेडॉटची बाटली वापरली आणि वर डीएमएसओ घातलं तर मात्र हाच आकडा काही शे ओहमवर येतो. बाटलीवरचं नाव एकदा वाचून घ्या, असं घडतं.)

उभा रोध बघा. पीएफओच्या फिल्ममध्ये एक भोक आहे आणि तिथे कॅल्शियम थेट पेडॉटवर टेकलंय असं समजा. भोकाचा व्यास १० मायक्रोमीटर असेल तर त्याखालच्या पेडॉटचा रोध सुमारे ५ किलोओहम. तुमच्या ३.३ ला साडेबारा मायक्रोमीटर पुरे. एका पिक्सेलमध्ये एक धुळीचा कण! आठात तीन पिक्सेल असे निघणं म्हणजे फ्यूमहूडमध्ये स्पिन केल्याचा अगदी अपेक्षित परिणाम. फ्यूमहूड बाहेरची हवा आत ओढतो, खोलीतली सगळी धूळ तुमच्या ओल्या फिल्मवरून जाते. विषारी वाफेपासून माणूस वाचवायला तो आहे, फिल्म वाचवायला नाही.

कण धुळीचा नसला तर पीएफओचा स्वतःचाच असतो. टोल्युइनमध्ये पीएफओ सहज विरघळत नाही आणि थंड झालं की जेल धरायला लागतं. द्रावण ७०–८० अंशांना रात्रभर ढवळा, बाटलीला झाकण घट्ट, नाहीतर टोल्युइन उडून घनता वाढते. ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळताना सिरिंज आणि फिल्टर दोन्ही गरम असावेत. थंड फिल्टरमध्ये गरम द्रावण गेलं की त्याच्या जाळीतच जेल होतं, जोर लावला की गुठळी पलीकडे निघते आणि फिल्मवर धूमकेतूसारखी शेपटी उमटते. काच तिरपी धरून दिव्यात बघा. केंद्रापासून बाहेर जाणारी रेघ, तिच्या टोकाला ठिपका: तो जेलचा कण. रेघ नसलेला सुटा ठिपका: धूळ, फिल्म वाळता वाळता पडलेली.

पेडॉटसाठी पीव्हीडीएफ किंवा रिजनरेटेड सेल्युलोजचा ०.४५ चा फिल्टर, पहिले तीन-चार थेंब टाकून द्या. बाटली फ्रीजमध्ये ४ अंशांना, गोठू द्यायची नाही. एकदा गोठलेलं पेडॉट हलवून कितीही एकजीव दिसलं तरी त्यात कण राहतात.

आयटीओच्या कडाही तपासा. १२० नॅमीची पायरी आणि त्यावर ४० + ८० नॅमीची फिल्म. कड एचिंगनंतर उभी राहिली असेल तर फिल्म तिथे पातळ होते आणि कॅथोडची पट्टी नेमकी त्याच कडेवरून जाते. पायरी झाकणारा फोटोरेझिस्टचा किंवा पॉलिइमाइडचा इन्सुलेटिंग थर असलेल्या काचा मिळतात, पिक्सेलची खिडकी तेवढी उघडी. त्या वापरल्यावर गळतीच्या तक्रारी एकदम कमी होतात.

−५ व्होल्ट काही सेकंद देऊन गळती ‘जाळून’ टाकायची युक्ती कुणी सांगेल. ती चालते, आयव्ही (प्रवाह-व्होल्ट) वक्र सुंदर दिसतो. पण जळालेल्या जागी अ‍ॅल्युमिनियमला भोक पडतं, आणि पुढे काळा डाग तिथूनच वाढतो. आयुष्य मोजायचं असेल तर तो पिक्सेल सोडून द्या.

मोनोमर

विकतच्या पॉलिमरवर फक्त रेणुभार लिहिलेला असणं पुरेसं नाही. पुरवठादाराकडे तीन गोष्टी मागा: उत्प्रेरकातलं पॅलेडियम किती पीपीएम उरलंय, साखळीची टोकं बंद केलीत का, आणि मोनोमरमध्ये एकल-अल्किल फ्लुओरीन किती होतं. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक मिळणार नाही. पण खरी मेख तीच आहे.

कारण असं. ९व्या कार्बनवर दोन ऑक्टिल साखळ्या असतील तर तिथे हायड्रोजन उरत नाही आणि ऑक्सिजनला पकडायला काही सापडत नाही. अल्किलेशन अर्धवट राहिलं की काही रेणूंवर एकच ऑक्टिल आणि एक हायड्रोजन राहतो. हा हायड्रोजन दोन्ही बाजूंच्या बेंझिन कड्यांमुळे आम्लधर्मी असतो, सहज निघतो, मागे राहिलेली जागा ऑक्सिजन घेते, हायड्रोपेरॉक्साइडवरून फ्लुओरेनोन होतं. यामामोटो या मोनोमर जोडण्याच्या पद्धतीत निकेलमुळे ही पायरी पॉलिमर बनतानाच सुरू होऊ शकते.

म्हणून शुद्धी मोनोमरच्या पातळीवरच. पॉलिमर कितीही वेळा मेथॅनॉलमध्ये पाडा, सॉक्स्लेटमध्ये (द्रावकाने सतत धुणाऱ्या उपकरणात) कितीही दिवस ठेवा, कीटो गट साखळीचाच भाग झालाय, तो धुतला जाणार नाही. एकदा बिघडलेली बॅच म्हणजे गेलेली बॅच.

२,७-डायब्रोमो-९,९-डायऑक्टिलफ्लुओरीन स्वतः करत असाल तर प्रोटॉन एनएमआरमध्ये ४ पीपीएमच्या जवळ ९व्या जागेचा ट्रिपलेट शोधा. तो दिसला तर नक्कीच वाईट. दिसला नाही तरी शाश्वती नाही, टक्क्याच्या खालचं एनएमआर गोंगाटात बुडवतं. जास्त चांगली तपासणी हीच शुद्धीही आहे: मोनोमर कोरड्या टीएचएफमध्ये, आर्गॉनखाली, त्यात पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड चमचाभर. एकल-अल्किल असेल तर त्याचा अ‍ॅनायन बनतो आणि द्रावणाला रंग चढतो. अ‍ॅल्युमिनाच्या स्तंभातून गाळलं की रंगीत भाग वरच अडकतो. गाळलेल्यात पुन्हा थोडं ब्युटॉक्साइड. पुन्हा रंग आला तर पुन्हा गाळा. रंग यायचा थांबला की मग पुनर्स्फटिकीकरण. थोडं मोनोमर वाया जातं, जाऊ द्या.

सुझुकी पद्धतीने (पॅलेडियमने जोडून) पॉलिमर करत असाल तर तोलण्यात काटेकोर राहा. डायब्रोमाइड आणि डायबोरॉनिक एस्टर यांचं मोल-गुणोत्तर ०.९९ झालं तर सगळं काही पूर्ण विक्रिया करूनही साखळीत सरासरी १९९ कड्यांच्या वर जाता येत नाही, ०.९७ झालं तर जेमतेम ६६. आणि साखळी लहान म्हणजे टोकं जास्त. टोकाला उरलेला ब्रोमीन किंवा बोरॉन उपकरणात सापळा होतो, म्हणून शेवटी आधी फिनाइलबोरॉनिक अ‍ॅसिड घालून दोन तास, मग ब्रोमोबेंझिन घालून दोन तास. उलट क्रमही चालतो, पण दोन्ही घालायचे. एकच घालून काम भागवणारे बरेच असतात, आणि मग एक प्रकारची टोकं उघडी राहतात.

पॅलेडियमसाठी: टोल्युइनमधलं पॉलिमर, त्यात सोडियम डायइथाइलडायथायोकार्बामेटचं ५ टक्के पाण्यातलं द्रावण, ७०–८० अंशांना रात्रभर जोरात ढवळा. वेगळं करा, पाण्याने तीनदा धुवा, मेथॅनॉलमध्ये पाडा. करडी छटा असलेली फिल्म पिवळट-पांढरी झाली की फरक डोळ्यांनाच कळतो. पॅलेडियमचे सूक्ष्म कण उजेड विझवतात आणि गळतीलाही हातभार लावतात, त्यामुळे वरच्या ३.३ किलोओहमचा सगळा दोष धुळीवर टाकायला मी तयार नाही.

निळीफीत

तीन क्वार्ट्झची चाचणी केली. पहिल्या दोन्ही फिल्म स्वच्छ, शिखरं ४२४ आणि ४४९ ला, ५३५ ला काही नाही. हवेत तापवलेलीवर ५३५ चा उंचवटा निळ्या शिखराच्या साधारण ०.३ पट. म्हणजे हॉटप्लेटच.

स्पिनिंग आणि तापवणं दोन्ही ग्लोव्हबॉक्समध्ये नेलं, तापमान ८० अंश, १० मिनिटं. गळणारे पिक्सेल आठात एकावर आले. तो −१ व्होल्टलाही तेवढाच प्रवाह देतो.

पण रंग पूर्ण सुटला नाही. आता उपकरण निळं सुरू होतं, ७ व्होल्टवर वीस-पंचवीस मिनिटांनी ५३५ चा उंचवटा डोकं वर काढतोच. शिवाय काही काचांवर निळा वेगळाच: शिखरं ४४० आणि ४६८ ला. हासुद्धा कीटो?

उलटाडायोड

४४० आणि ४६८ चा कीटोशी संबंध नाही. ती बीटा अवस्था. साखळीच्या कड्या एका प्रतलात येतात, संयुग्मन लांबतं, वर्णपट थोडा तांबड्याकडे सरकतो. ओळखायची खूण सोपी: बीटाचा वर्णपट दातेरी आणि अणकुचीदार असतो, आणि शोषणात ४३५ च्या जवळ एक वेगळं टोकदार शिखर उगवतं. कीटोचा उंचवटा शोषणात दिसतही नाही आणि पीएलमध्ये त्याला दात नसतात. टीसीएसपीसी (उत्तेजित अवस्थेचं आयुष्य मोजणारं यंत्र) असेल तर तेही वापरा. निळ्याचं आयुष्य नॅनोसेकंदापेक्षा कमी, ५३५ चं काही नॅनोसेकंद.

बीटा काही काचांवरच येते, कारण द्रावण किती थंड झालं होतं आणि फिल्म किती हळू वाळली यावर ती ठरते. आधी टाकलेलं द्रावण काचेवर पाच-दहा सेकंद थांबवून मग स्पिन सुरू केलंत की बीटा वाढते. गरम द्रावण, थेंब टाकताच स्पिन, दर वेळी तेच. मुद्दाम बीटा नको असेल तर नायट्रोजनमध्ये १६० अंशांवर नेऊन धातूच्या थंड ठोकळ्यावर झटकन उतरवा. नको असेलच असं नाही, बीटाचा निळा पुष्कळांना जास्त आवडतो. फक्त काचेगणिक बदलता कामा नये.

कीटोबद्दल एक दुरुस्ती. ५३५ चा पट्टा सुट्या फ्लुओरेनोनचा की शेजारशेजारच्या फ्लुओरेनोन-युक्त साखळ्यांच्या एक्सायमरचा (दोघींनी मिळून बनलेल्या उत्तेजित जोडीचा), यावर दोन मतं आहेत. ऑक्सिडाइज झालेलं पीएफओ निष्क्रिय पॉलिमरमध्ये विरळ पसरलं की तो पट्टा बदलतो, यावरून साखळ्यांची जवळीकही लागते असं मानणारे बरेच आहेत. तुमच्यासाठी अर्थ एवढाच, की ऑक्सिजन रोखणं ही पहिली पायरी, पण साखळ्या एकमेकांपासून लांब ठेवणारं पॉलिमर, स्पायरो-फ्लुओरीन किंवा ९व्या जागी अ‍ॅरिल गट असलेलं, हा दुसरा मार्ग. त्यात ९व्या जागी काढण्याजोगा हायड्रोजनही सहसा राहत नाही.

वर्णपट_७

उरलेले वीस मिनिटांनंतरचे हिरवे कुठून येतात, त्याच्या चार जागा आहेत. मी या क्रमाने तपासीन.

पेडॉट. १२० अंशांना हवेत वाळवून मग ग्लोव्हबॉक्समध्ये नेता, मधल्या वेळात ते पुन्हा पाणी पितं. हवेत १५० ला १५ मिनिटं, आत नेल्यावर पुन्हा १५० ला १० मिनिटं. थंड झाल्यावरच पीएफओ.

इपॉक्सी. यूव्ही दिवा कुठल्या बाजूने देता? आयटीओच्या बाजूने दिला तर पिक्सेल नागडाच भाजतो. झाकणकाचेच्या बाजूने द्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पिक्सेलवर सावली धरते. इपॉक्सी फक्त कडेला, पिक्सेलवर नाही. न सुकलेल्या इपॉक्सीतले घटक कॅथोडच्या भोकांतून आत जातात. आत गेटरचा (ओल शोषणारा) तुकडा ठेवता आला तर उत्तम.

कॅथोड. कमी कार्यफलाचा धातू आणि ऑक्सिजन एकत्र आले की कीटो बनणं वेगाने होतं, आणि कॅल्शियम हा असाच धातू आहे. कॅल्शियमचा पहिला ५ नॅमी शटर बंद ठेवून उडवून द्या, त्यात ऑक्साइडचं कवच आणि अडकलेला वायू जातो. मग सेकंदाला १ अँगस्ट्रॉम. चेंबरची बाजू बघा: ताज्या कॅल्शियमचा थर आरशासारखा हवा, पांढुरकी कड दिसली तर चेंबरमध्ये पाणी आहे. अ‍ॅल्युमिनियम पहिले १० नॅमी सावकाश, पुढे सेकंदाला ३–५ अँगस्ट्रॉम. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम बोटीतून तडतडायला लागलं तर थांबा, प्रत्येक तुषार म्हणजे कॅथोडला एक भोक. तुलनेसाठी एका काचेवर कॅल्शियमऐवजी १ नॅमी लिथियम फ्लोराइड, सेकंदाला ०.१ अँगस्ट्रॉमने.

चौथी जागा पेडॉट आणि पीएफओची सीमा. पीएफओची भरलेली पातळी ५.८ ईव्हीजवळ, पेडॉट ५.१, म्हणून होलांना ०.७ ची पायरी. होल आत येत नाहीत, इलेक्ट्रॉन मात्र भरपूर येतात आणि पुनर्संयोग पेडॉटला खेटून होतो. तिथे एक्सायटॉन विझतात, आम्लही तिथेच. मध्ये टीएफबी या होल वाहणाऱ्या पॉलिमरचा पातळ थर द्या: झायलीनमधून स्पिन, नायट्रोजनमध्ये १८० अंशांना तासभर, मग वरून शुद्ध झायलीन स्पिन करून विरघळणारा भाग धुऊन काढा. जो सुमारे १० नॅमी चिकटून राहतो तो पुढच्या टोल्युइनला दाद देत नाही. टीएफबी ५.३ च्या आसपास, पायरी दोन टप्प्यांत विभागली जाते.

आणि ७ व्होल्ट स्थिर ठेवून आयुष्य मोजणं सोडा. उपकरण म्हातारं होताना रोध बदलतो, प्रवाह बदलतो, आणि हिरवं वयामुळे आलं की कमी प्रवाहामुळे, हे सांगता येत नाही. सापळे भरण्याचं प्रमाण प्रवाहावर अवलंबून असतं. कमी प्रवाहाला तेच उपकरण जास्त हिरवं दिसतं. १० मिलिअँपिअर प्रति चौसेमी स्थिर ठेवा, तुमच्या पिक्सेलला ०.४ मिलिअँपिअर, आणि दर मिनिटाला ५३५ भागिले ४४० हे एकच गुणोत्तर नोंदवा. बीटा असलेल्या काचांचा वेगळा तक्ता करा, त्यांचं ४४० जास्त उंच असतं.

काचपट्टी

वरच्या चारही गोष्टी एकदम बदलू नका. शिवाय एकदा पीएफओच्या जागी सुपर यलो (पिवळा उजेड देणारं विकतचं पॉलिमर) घालून तोच सगळा क्रम करून बघा: टोल्युइनमध्ये ५ मिग्रॅ प्रति मिलि, रेणुभार मोठा म्हणून एवढंच दाट, ८० नॅमीच्या आसपास फिल्म. कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियमवर ८ ते १० कँडेला प्रति अँपिअर मिळायला हवेत. मिळाले तर तुमचा पेडॉट, कॅथोड आणि इपॉक्सी ठीक, आणि उरलेलं भांडण फक्त पीएफओशी. २–३ वर अडकलात तर टीएफबीच्या मागे लागण्याआधी इव्हॅपोरेटर उघडा.

तो उरलेला गळणारा पिक्सेल कुठल्या जागेवरचा आहे? दर काचेवर तोच असेल तर धूळ नव्हे, कॅथोडच्या पट्ट्या पाडणारा मास्क त्या कोपऱ्यात फिल्मला घासतोय.

निळीफीत

दर काचेवर तोच, कोपऱ्यातला. मास्क काढून बघतो.